अंगावरची गाठ: कोणती साधी, कोणती दाखवायलाच हवी

आपल्या घरांत गाठीला नावे भरपूर आहेत. मराठीत गाठ, आवाळू, रसोळी. उर्दूत रसौली, गिल्टी. काखेत आली तर काखमांजरी, जांघेत आली तर अवधाण, मानेवर माळेसारख्या आल्या तर गंडमाळ. जुन्या लोकांनी जागेवरून आणि रूपावरून इतकी वेगवेगळी नावे ठेवली, म्हणजे या सगळ्या गाठी एक नाहीत हे त्यांना ठाऊक होते. आज मात्र घरात कुणाला गाठ लागली की एकच प्रश्न विचारला जातो, "दुखते का?" उत्तर 'नाही' आले की "मग राहू दे" म्हणून विषय संपतो.

हा प्रश्नच उलटा आहे. जी गाठ ठणकते, लाल होते, गरम लागते, ती बहुतेक वेळा गळू किंवा केसतूड असते आणि इलाजाने आठ-पंधरा दिवसांत बरी होते. याउलट स्तनातली कॅन्सरची गाठ, खर्रा खाणाऱ्याच्या मानेत उतरलेली गाठ, टीबीची गाठ, यांपैकी बऱ्याच गाठी सुरुवातीला अजिबात दुखत नाहीत. म्हणून गाठ दुखते की नाही यापेक्षा ती वागते कशी हे बघायला हवे: किती दिवसांपासून आहे, वाढते आहे का, बोटाखाली सरकते की खाली चिकटली आहे, मऊ आहे की दगडासारखी कडक, आणि शरीराच्या कोणत्या जागी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना जीव घाबरा होणार नाही. त्वचेवर किंवा त्वचेखाली लागणाऱ्या बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. डॉक्टरकडे जायचे ते बहुतेकदा "काही नाही, घरी जा" हे ऐकण्यासाठीच. पण ते वाक्य डॉक्टरच्या तोंडून ऐकावे, शेजारच्या खालाच्या नाही.

चरबीची गाठ

सर्वांत जास्त दिसणारी ही. डॉक्टर तिला लायपोमा म्हणतात. दंडावर, पाठीवर, खांद्यावर, मांडीवर, मानेमागे येते. हाताला मऊ, कणकेच्या गोळ्यासारखी लागते आणि बोटाने दाबली की कातडीखाली सरकते. वर्षानुवर्षे तशीच राहते किंवा अगदी सावकाश वाढते. चाळिशी-पन्नाशीत जास्त दिसते. काही घराण्यांत वडिलांना, चाचांना, मुलाला अशा दहा-बारा गाठी असतात. तो घरातून आलेला स्वभाव आहे, लागण नाही.

'चरबी' या शब्दामुळे एक गैरसमज पक्का बसला आहे. तूप, गोश्त जास्त खाल्ले म्हणून ही गाठ होते असे सांगतात. तसे नाही. काडीसारख्या सडपातळ माणसालाही ती होते, आणि वजन उतरवले तरी ही गाठ उतरत नाही. बकरी ईदच्या दावतीचा हिशेब वजनाच्या काट्यावर करावा, गाठीवर नको. ती विरघळवणारे तेल, चूर्ण, लेप यांच्या जाहिराती खूप असतात, पण त्यांनी ती जात नाही. दिसायला वाईट वाटते, कपड्याला घासते किंवा नसेवर दाब येतो, असे असेल तर जागा बधिर करून छोट्या ऑपरेशनने काढतात आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी येतो. नाहीतर राहू दिली तरी चालते.

राहू द्यायची नाही ती कधी? पाच सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे मोठ्या लिंबापेक्षा मोठी झाली, काही महिन्यांत भराभर वाढली, कडक झाली, खोलवर मांसात रुतल्यासारखी लागते, किंवा आधी दुखत नव्हती आणि आता दुखते. नागपूरकरांना समजेल असे सांगायचे तर गाठ संत्र्याएवढी होण्याची वाट बघू नये. मांडीच्या किंवा दंडाच्या खोल मांसातली मोठी गाठ क्वचित सार्कोमा नावाचा कॅन्सर असू शकते. ती आधी एमआरआय आणि सुईने किंवा छोटा तुकडा काढून तपासतात, मगच ऑपरेशन ठरते. आधी कापून मग बघू, असे या गाठीचे करायचे नसते.

मधोमध काळा ठिपका असलेली गाठ

चेहरा, मान, पाठ, कानामागे एक गोल गाठ असते. नीट बघितले तर मधोमध बारीक काळे तोंड दिसते. ही कातडीखाली तयार झालेली पिशवी. आत पांढरा, दह्याच्या चक्क्यासारखा, वासाचा लगदा असतो. पू समजून लोक तो पिळतात. थोडा बाहेर येतो, बरे वाटते, आणि महिन्याभराने गाठ पुन्हा भरते, कारण पिशवी आतच राहिलेली असते. पिळताना ती आतल्या आत फुटली तर सूज, पू, ताप, सगळेच मागे लागते. लाल होऊन सुजली असेल तर आधी सूज उतरवतात आणि नंतर पिशवीसकट काढतात. पिशवी पूर्ण निघाली की शक्यतो परत येत नाही.

मधुमेह असलेल्यांनी इथे जास्त सावध राहावे. मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचा फोड आला, ज्याला काळपुळी म्हणतात, तर घरी पोटीस बांधत बसू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चामखीळ, मस आणि मानेवरचा काळेपणा

चामखीळ विषाणूमुळे होते, खरबरीत असते, खाजवून पसरते. मस वेगळा. मान, काख, पापणी इथे देठाने लोंबणारी मऊ कातडी म्हणजे मस. तो निरुपद्रवी आहे. पण मानेवर पुष्कळ मस आणि सोबत मान मखमलीसारखी जाड व काळी पडलेली दिसली तर रक्तातली साखर तपासून घ्यावी, कारण ही जोडी मधुमेहाच्या आधीपासून दिसते. मुलींची मान काळी झाली की अम्मी बेसन आणि लिंबू घेऊन घासायला बसते. तो मळ नसतो, घासून जात नाही, फक्त कातडी सोलते.

मसाला घोड्याचा केस बांधणे, चुना आणि सोडा लावून जाळणे, हे आपल्याकडचे जुने उपाय. जखम चिघळणे, डाग राहणे हा त्यांचा एक तोटा. दुसरा तोटा मोठा आहे. जे जाळले ते साधा मस होते की दुसरे काही, हे मग कोणालाच तपासता येत नाही.

नमाजचा घट्टा

याविषयी साध्या आरोग्य लेखांत कुणी लिहीत नाही, म्हणून थोडे सविस्तर. पाबंदीने नमाज पढणाऱ्यांच्या कपाळावर, गुडघ्यांवर आणि पायाच्या घोट्यावर कातडी जाड आणि काळी होते. उर्दूत गट्टा, मराठीत घट्टा, शब्दही जवळचेच. डाव्या घोट्यावर तो जास्त असतो, कारण कायद्यात आपण डाव्या पायावर बसतो आणि बाहेरचे हाड जमिनीवर टेकते. हा नुसता दाबाने आलेला घट्टा आहे. तसाच तो विणकराच्या बोटांवर किंवा हमालाच्या खांद्यावर येतो. कपाळावरचा कोणी अभिमानाने मिरवतो, कोणी लपवतो. वैद्यकाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

घोट्यावर कधी कधी पाणी भरल्यासारखी मऊ गाठ होते. तीही साधीच असते. जाड जानमाज वापरले, बसण्याच्या जागी घडी घातलेले कापड घेतले की फरक पडतो. ती सुईने घरी फोडू नये. आणि ज्या बुजुर्गांना मधुमेहाने पायाला मुंग्या येतात किंवा पाय बधिर आहेत, त्यांचा डावा घोटा घरातल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा बघावा. घट्ट्याखाली जखम झालेली त्यांना कळत नाही, कारण दुखतच नाही. खुर्चीवर बसून नमाज पढण्याविषयी आपल्या इमामसाहेबांना विचारावे. मजबुरीत सवलत आहे, ते सांगतील.

मनगटावरची घट्ट, गोल, रबरी चेंडूसारखी गाठ ही सांध्याच्या पाण्याची. ती अनेकदा आपोआप जाते. जोरात ठोकून फोडायचा प्रयत्न करू नये, हाड दुखावते.

मुलांच्या मानेतल्या गाठी

शाळेत आम्हाला हे फार दिसते. पावसाळ्यात सर्दी, घसा, आणि पाठोपाठ जबड्याखाली वाटाण्या-हरभऱ्याएवढ्या गाठी. डोक्यात उवा होऊन खाजवून फोड आले की कानामागे, मानेमागे गाठी. या शरीराच्या चौक्या आहेत. जंतू आला की चौकी फुगते. घसा बरा झाला, डोके साफ झाले की त्या हळूहळू उतरतात, कधी महिनाभर लागतो. अशा गाठी छोट्या, मऊ आणि सरकणाऱ्या असतात. मुलगा खेळतो, खातो, तर घाबरायचे नाही.

एका बाकावरच्या तीन मुलांच्या हातांवर मोत्यासारखे, मधोमध खळगी असलेले दाणे आले तर तोही एक विषाणूच. टॉवेल, कपडे एकमेकांचे वापरल्याने पसरतो आणि बहुतेकांत काही महिन्यांनी, कधी वर्षाने आपोआप जातो. त्यासाठी मुलाला घरी बसवण्याची गरज नाही.

पण मानेतली गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली, महिना उलटूनही तशीच आहे, दोन-तीन गाठी एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला, संध्याकाळी बारीक ताप येतो, रात्री घाम येतो, वजन उतरते, तर ती गंडमाळ म्हणजे गाठीचा टीबी असू शकते. आपल्या देशात हे मुळीच दुर्मिळ नाही. मोठ्यांनाही होते, बायकांना बरीच होते. गाठीचा टीबी फुप्फुसात नसेल तर तो दुसऱ्याला लागत नाही, म्हणून ताट-वाटी वेगळी करण्याचे, मुलीचे लग्न लपवाछपवीत उरकण्याचे कारण नाही. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. इलाज साधारण सहा महिन्यांचा असतो. निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून आहारासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. अशी गाठ गल्लीतल्या कुणाकडून चिरून घेऊ नये. ती महिनोन्‌महिने वाहत राहते.

जांघेतली गाठ रडताना, खोकताना फुगते आणि झोपल्यावर आत जाते, ती आंत उतरल्याची. ती मुलांत आपोआप बरी होत नाही, ऑपरेशन लागते. ती अचानक कडक झाली, आत जाईना, मूल ओकू लागले, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखान्यात न्यावे.

खर्रा आणि मानेतली गाठ

आता मुद्द्याचे. नागपुरात पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून दिला जातो तो खर्रा. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, पण खर्रा घोटणारे हात थांबले नाहीत. मोमीनपुरा असो, जाफर नगर असो की ताजबाग, आपली पोरे मिसरूड फुटायच्या आत तो तोंडात धरतात. शाळेच्या भिंतींवरच्या लाल पिचकाऱ्या आम्ही रोज बघतो.

तोंडाच्या कॅन्सरचे पहिले लक्षण बहुधा गाठ नसते. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारा छाला, तिखट न सोसणे, तोंड पूर्वीसारखे न उघडणे. याकडे दुर्लक्ष झाले की तो जबड्याखाली, मानेत उतरतो आणि तिथे एक कडक, न दुखणारी गाठ बनते. "गिल्टी आली आहे, दात किडला असेल" म्हणून महिने जातात. खर्रा, तंबाखू, बिडी यांपैकी काहीही घेणाऱ्या मोठ्या माणसाच्या मानेत गाठ आली आणि तीन आठवड्यांत गेली नाही, तर कान-नाक-घसा विभागात दाखवलेच पाहिजे. व्यसन नसलेल्यांनाही हाच नियम. आणि गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या वरच्या खळगीत लागलेली गाठ कोणत्याही वयात लगेच दाखवावी.

स्तनातली गाठ आणि परदा

तरुण मुलींच्या स्तनात बोटाखालून निसटणारी गोल गाठ लागते. ती बहुतेकदा साधी असते. दूध पाजणाऱ्या आईला दूध साचून गाठ होते. पण स्तनातली कोणतीही गाठ हाताने चाचपून 'साधी' ठरवता येत नाही, म्हणून इथे अपवाद नाही. प्रत्येक गाठ दाखवायचीच. कातडीला खळगी पडणे, निप्पल आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, काखेत गाठ लागणे, ही चिन्हे तर थांबायला जागाच देत नाहीत. भारतात बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर हाच आहे.

आपल्याकडे उशीर होतो तो शरमेमुळे. बायको नवऱ्याला सांगत नाही, सासूला तर नाहीच, मुलीला सांगते तेव्हा वर्ष झालेले असते. स्त्री डॉक्टर मागण्यात काही चूक नाही. नसेल तर नर्स किंवा घरची बाई सोबत ठेवता येते. तपासणीपुरताच भाग उघडला जातो. इलाजासाठी शरीअतने ही सवलत दिलेली आहे, कोणत्याही आलिमांना विचारून खात्री करावी. गांधीबागचे डागा रुग्णालय बायकांचेच आहे, निदान सुरुवात तिथून करता येते.

ताबीज, हिजामा आणि सुईची भीती

दुआ करावी, दम करवून घ्यावा, त्याला डॉक्टरची हरकत नसते. पण इलाज करणे हीसुद्धा नबी (स.) यांची शिकवण आहे, आणि दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतात. गाठीवर हिजामा मात्र करू नये. गाठ काय आहे हे कळण्याआधी तिच्यावर चिरा देणे धोक्याचे आहे.

"गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती आम्ही शिकलेल्या घरांतही ऐकली आहे. सुईने थोड्या पेशी काढून बघतात, पाच-दहा मिनिटांचे काम. त्याने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. पसरतो तो न तपासता घालवलेल्या महिन्यांत.

थोडक्यात दोन गोष्टी आणखी. विदर्भात कुष्ठरोग अजून संपलेला नाही. कानाची पाळी जाड होणे, चेहऱ्यावर-कानावर न दुखणाऱ्या गाठी, भुवईचे केस जाणे, अंगावर बधिर चट्टा, असे दिसले तर त्वचारोग विभागात जावे. औषध मोफत आहे, सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. आणि चुलीने, स्टोव्हने भाजलेल्या जुन्या व्रणावर वर्षांनंतर न भरणारी जखम झाली तर तीही दाखवावी, तिथे कॅन्सर होऊ शकतो. तळहात, तळपाय किंवा नखाखालचा वाढता काळा डागही त्यातच धरावा.

नागपुरात कुठे जावे

मोमीनपुरा, हंसापुरीकडच्यांना सेंट्रल अॅव्हेन्यूवरचे मेयो, म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, पायी अंतरावर आहे. दक्षिणेकडच्यांना मेडिकल जवळ. तोंडाच्या तक्रारीसाठी मेडिकलच्या आवारातच शासकीय दंत महाविद्यालय आहे. मिहानमध्ये एम्स आहे. कॅन्सरची शंका पक्की झाली तर मानेवाडा रोडवर तुकडोजी चौकातले राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि जामठ्याचे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. त्वचेवरच्या दाण्यांसाठी त्वचारोग विभाग, त्वचेखालच्या गाठीसाठी सर्जरी, मानेसाठी कान-नाक-घसा, एवढे केस पेपर काढताना सांगितले तर अर्धी धावपळ वाचते. सकाळी लवकर जावे. आधार आणि रेशन कार्ड सोबत ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशनसह अनेक इलाज बसतात, तिचा कक्ष रुग्णालयातच असतो, तिथले आरोग्यमित्र कागद बघून सांगतात.

जाण्याआधी घरी एक काम करा. गाठीशेजारी नाणे ठेवून मोबाईलवर फोटो काढा, तारखेसकट. पंधरा दिवसांनी पुन्हा काढा. "वाढली वाटते" यापेक्षा दोन फोटो डॉक्टरला जास्त सांगतात.

गाठ काढली, मग ती कितीही साधी वाटो, तपासणीला पाठवा असे डॉक्टरांना आवर्जून सांगा. काही छोट्या नर्सिंग होममध्ये ती फेकून दिली जाते. पाठवली तर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात घ्या आणि जपून ठेवा, निकाहनामा जिथे ठेवता त्याच फाईलमध्ये. टाके असेपर्यंत जागा कोरडी ठेवायला सांगतात, तेव्हा वुजू कसा करायचा हा प्रश्न येतोच. पट्टीवर मसह करण्याची मुभा आहे, बाकी भाग नेहमीप्रमाणे धुवावा. गुस्लबद्दल शंका असेल तर आलिमांना विचारा, पण त्या शंकेपायी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका.